रेशन रावेरला, भूक इंदूरला : तीन भाऊ, दोन राज्यं आणि २०२० ची सरकारी मदत

कोरोनाच्या साथीत, २०२० च्या एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांत, एकाच आईच्या तीन मुलांना सरकारकडून काय मिळालं, हा या प्रकरणाचा विषय. थोरला रावेर तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मधला बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात सासुरवाडीला राहिलेला, म्हणजे मध्य प्रदेशात. दोघांच्या गावांत अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. बोली तीच, केळी तीच, सोयरिकी त्याच. धाकटा इंदूरला, पाटनीपुऱ्याच्या मागे एका खोलीत, बायको आणि दोन मुलांसह. तो फरशी बसवण्याचं काम करतो, ती चार घरच्या पोळ्या करते.

ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांच्या हकिकती एकत्र करून मी हे एक घर उभं केलं आहे. त्यामुळे घरातली मिळकत आणि खर्च यांचे आकडे ढोबळ आहेत. सरकारी रकमा, दर आणि तारखा मात्र जशाच्या तशा आहेत.

प्रादेशिक न्याय म्हटलं की मराठी माणसाला आधी अनुशेष आठवतो. विदर्भ, मराठवाडा, कोकण, १९८३ मध्ये नेमलेली दांडेकर समिती, कुठे किती सिंचन आणि किती रस्ते. तो वर्षानुवर्षांच्या खर्चाचा हिशेब आहे. संकटात घराघरात पोचवायच्या पैशांचा हिशेब वेगळा, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. काम एका दिवसात बंद पडतं, पैसा त्याच आठवड्यात लागतो. अशा वेळी सरकार नवी यादी करत बसू शकत नाही. हाताशी असलेल्या याद्यांवरच वाटप होतं. ती यादी कुठे झाली, कधी झाली आणि तिच्यात माणूस कोणत्या पत्त्यावर लिहिला गेला, यावर त्याच्या ताटात काय पडणार हे ठरून जातं. २०२० मध्ये माझ्या समोर हेच घडलं, आणि ते मला आजही अन्यायाचं वाटतं.

आधी केंद्राने काय जाहीर केलं ते सांगते. टाळेबंदी २५ मार्चला लागली. दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १.७० लाख कोटी रुपयांची प्रधानमंत्री गरीब कल्याण योजना मांडली. महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने दरमहा ५०० रुपये. अन्नसुरक्षा कायद्याच्या लाभार्थ्यांना माणशी ५ किलो धान्य फुकट, नेहमीच्या ५ किलोंच्या वर, आणि कुटुंबामागे १ किलो डाळ. वृद्ध, विधवा आणि दिव्यांग पेन्शनधारकांना एकूण १,००० रुपये. उज्ज्वलाचे सिलिंडर. पीएम-किसानचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलमध्येच. मनरेगाची मजुरी देशाच्या सरासरीत १८२ वरून २०२ रुपये. आणि राज्यांना सूचना, की बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळांकडे जमलेल्या उपकरातून नोंदणीकृत कामगारांच्या खात्यात पैसे टाका.

कागदावर यात कुठेही एका प्रदेशाला जास्त आणि दुसऱ्याला कमी असं नाही. रकमा देशभर सारख्या. म्हणूनच हे प्रकरण बारकाईने बघायला हवं.

थोरल्याचं घर

थोरल्याकडे दोन एकर केळी. वहिनी, दोन मुलं आणि म्हातारी आई. शेतीच्या कामांना टाळेबंदीतून पहिल्या आठवड्यातच सूट मिळाली होती, त्यामुळे मे महिन्याच्या यादीत जळगाव जिल्हा रेड झोनमध्ये असतानाही शेतात जाणं-येणं सुरू राहिलं. केळीचे भाव मात्र पडले, कारण उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या अडकल्या. त्याचं नुकसान झालं, हे आधीच सांगून टाकते. तो मजेत होता असं कोणी समजू नये.

त्याला मिळालं ते असं : पीएम-किसानचे २,०००, वहिनीच्या जनधन खात्यात १,५००, आईच्या पेन्शनवर १,०००. एकूण साडेचार हजार रोख. शिवाय धान्य आणि सिलिंडर. यातले पीएम-किसानचे दोन हजार खरं तर मदत नव्हेतच. वर्षाच्या ६,००० रुपयांतला तो ठरलेला हप्ता होता, तो लवकर आला इतकंच. पण एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात हातात पैसा असणं आणि नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून तो मी मोजते.

मधल्याचं घर

मधला शेतमजुरी करतो आणि अधूनमधून गवंड्याच्या हाताखाली जातो. त्याच्या सासऱ्यांनी पंचायतीतून त्याचं नाव बांधकाम कामगार म्हणून नोंदवलं होतं. त्या नोंदीवर मध्य प्रदेश सरकारचे १,००० रुपये मार्चअखेरीस आले. बायकोच्या खात्यात १,५००. कुटुंबाची समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) होती, पात्रता पर्ची (रेशनची हक्कचिठ्ठी) होती, त्यामुळे धान्य वेळेवर मिळालं. २० एप्रिलपासून मनरेगाची कामं सुरू करायला परवानगी मिळाली आणि गावच्या तळ्यावर त्याने चोवीस दिवस माती काढली. मध्य प्रदेशचा दर त्या वर्षी १९० रुपये. म्हणजे ४,५६०.

नाल्याच्या पलीकडे महाराष्ट्रात तोच दर २३८ रुपये होता. तीच माती, तेच घमेलं, तेच ऊन. चोवीस दिवसांचे ५,७१२ झाले असते. फरक १,१५२ रुपयांचा.

हा फरक कुठून आला? २००९ पासून मनरेगाचा दर केंद्र ठरवत आलं. आधी राज्यांचे जे दर चालू होते त्यांच्यावर दरवर्षी त्या त्या राज्याच्या शेतमजूर ग्राहक किंमत निर्देशांकाची वाढ चढत गेली. सुरुवातीला जे राज्य मागे होतं ते मागेच राहिलं, कारण वाढ टक्केवारीत मिळत गेली. हरियाणाला २०२०-२१ मध्ये ३०९ रुपये होते, केरळला २९१, गुजरातला २२४. राहणीमानाचा खर्च वेगळा म्हणून दर वेगळे, हा युक्तिवाद हरियाणा आणि मध्य प्रदेशाच्या बाबतीत कोणी केला तर निदान ऐकून तरी घेता येईल. रावेर आणि बुऱ्हाणपूरच्या बाजारात तेलाचा डबा आणि मिठाची पुडी वेगळ्या भावाने मिळत नाही. तिथे तो युक्तिवाद टिकत नाही.

तरी मधल्याचं तीन महिन्यांचं पान एकूण बरं आहे. ७,०६० रुपये हातात आले, वर धान्य. त्याची एरवीची महिन्याची मिळकत सहा हजारांच्या आसपास. मार्चअखेर आणि अर्धा एप्रिल बुडाला, पुढचं बरंचसं भरून निघालं.

धाकट्याचं घर

आता इंदूर. धाकट्याची रोजी ६५० रुपये, महिन्याला चोवीसेक दिवस काम. बायकोचे चार घरांचे मिळून ४,८००. म्हणजे महिन्याला वीस हजार. खोलीचं भाडं ४,०००. तिघा भावांत कमाई सगळ्यात जास्त याचीच, आणि गावाकडे तसा लौकिकही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात इंदूरमध्ये रुग्ण सापडले आणि शहर कर्फ्यूत गेलं. काही दिवस तर किराणा दुकानंसुद्धा उघडली नाहीत. देशातल्या सगळ्यात जास्त फटका बसलेल्या शहरांत इंदूरचं नाव होतं. मे महिन्यात रेड झोन. २० एप्रिलनंतर इतर शहरांत जिथे मजूर साइटवरच राहत होते तिथे बांधकामं सुरू करता आली, पण हॉटस्पॉट भागांना ती सवलत नव्हती. धाकट्याच्या हातात जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थापी आली नाही. बायकोला चारही घरांनी येऊ नको म्हणून सांगितलं. त्यातल्या दोघींनी एप्रिलचे पैसे दिले, २,४००. मे महिन्याचे कोणी दिले नाहीत, आणि त्या घरांनाही मी फार बोल लावणार नाही, कारण त्यांतल्या एका घरी दुकान बंद होतं आणि दुसऱ्या घरी पगार अर्धा झाला होता.

अडीच महिन्यांत घराचं उत्पन्न सुमारे पन्नास हजारांनी बुडालं. सरकारकडून रोख आले १,५००. शंभरात तीन रुपये.

ते दीड हजार कसे आले तेही बघण्यासारखं आहे. बायकोचं जनधन खातं लग्नानंतर रावेरच्या शाखेत उघडलेलं. गर्दी नको म्हणून खात्याच्या शेवटच्या आकड्यावर दिवस ठरवून दिले होते : शून्य आणि एकवाल्यांना ३ एप्रिल, दोन-तीनवाल्यांना ४, चार-पाचवाल्यांना ७, सहा-सातवाल्यांना ८, आठ-नऊवाल्यांना ९. हिचा आकडा सात. ८ तारखेला ती कर्फ्यूतून वाट काढत कियोस्कवर गेली, अंगठा लावला आणि पाचशे रुपये हातात पडले. खातं रावेरचं आहे की इंदूरचं, कोणी विचारलं नाही. त्या काळात तिला मिळालेल्या सरकारी मदतीपैकी एवढीच तिच्या मागे चालत आली.

धान्य आलं नाही. रेशन कार्ड रावेरचं, एकत्र कुटुंबाचं, प्राधान्य गटातलं. त्यावर थोरल्याकडची पाच माणसं आणि इंदूरची तीन : धाकटा, त्याची बायको आणि मोठा मुलगा. धाकटी मुलगी इंदूरला जन्मली, तिचं नाव चढवायचं राहून गेलं होतं. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन धाकटा जवळच्या कंट्रोलवर गेला. इंदुरात रेशन दुकानाला अजून कंट्रोलच म्हणतात. दुकानदाराने विचारलं, "समग्र आयडी?"

"महाराष्ट्र का कार्ड है, भैया."

"तो फिर महाराष्ट्र में मिलेगा."

दुकानदार उद्धट नव्हता. त्याच्या मशीनमध्ये जे नाव नाही त्याला तो कुठून देणार? पण नियमाने पाहिलं तर 'एक देश एक रेशन कार्ड'मध्ये, म्हणजे एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालावं या योजनेत, १ जानेवारी २०२० पासून जी बारा राज्यं जोडली गेली होती त्यांत महाराष्ट्रही होता आणि मध्य प्रदेशही. म्हणजे कागदोपत्री हे धान्य इंदूरला मिळायला हरकत नव्हती. पाटनीपुऱ्यातल्या त्या दुकानापर्यंत तो कागद पोचला नव्हता.

इकडे रावेरला दर महिन्याला या तिघांच्या नावाचं तीस किलो धान्य येत होतं. नेहमीचं पंधरा, फुकटचं पंधरा. थोरल्याने ते उचललं नसतं तर बुडालं असतं, म्हणून तो उचलत राहिला. तीन महिन्यांचं नव्वद किलो. वहिनींनी ते वेगळ्या पोत्यांत भरून, तोंड शिवून, कोपऱ्यात ठेवलं. इंदूरला पाठवायचं तर गाडी नाही, जिल्ह्याची हद्द बंद, राज्याची हद्द बंद. फोनवर वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, तुमचं पोतं ठेवलंय हो, हात लावला नाही." आणि त्याच वेळी धाकट्याच्या घरी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून उधारीवर पीठ येत होतं. पहिलं पोतं जूनमध्ये केळीच्या गाडीतून इंदूरला आलं.

मे महिन्यात केंद्राने आणखी एक निर्णय घेतला. १४ मेच्या घोषणेप्रमाणे कोणत्याही कार्डावर नाव नसलेल्या स्थलांतरित मजुरांना दोन महिने माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबामागे १ किलो हरभरा. आठ कोटी लोकांचा अंदाज होता, प्रत्यक्षात तीन कोटींहून कमी लोकांपर्यंत ते पोचलं. धाकटा त्यातही बसत नव्हता, कारण त्याच्याकडे कार्ड होतं. कार्ड आहे म्हणून इथे अपात्र, आणि कार्ड दोनशेक किलोमीटरवर आहे म्हणून तिथे असून नसल्यासारखं. अन्नसुरक्षा कायद्याच्या अंमलबजावणीत मला याहून जास्त खुपणारी जागा माहीत नाही.

तोच धाकटा इंदूरऐवजी पुण्याला गेला असता तर? राज्य बदललं नसतं. कार्ड त्याच सर्व्हरवर राहिलं असतं, धान्य मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. दुसरीकडे, इंदूरला येताच त्याने मध्य प्रदेशात नाव घातलं असतं तरी त्याचं भलं झालं असतं. अन्नसुरक्षा कायद्यात मध्य प्रदेशच्या शहरी लोकसंख्येपैकी ६२.६१ टक्के लोक येतात, महाराष्ट्राच्या शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के. हे आकडे २०११-१२ च्या खर्च पाहणीवरून ठरले आणि डोकी मोजली गेली २०११ च्या जनगणनेवरून. इंदूरच्या गरिबाला पुण्याच्या गरिबापेक्षा कार्ड मिळणं कायद्यानेच सोपं आहे. पण धाकट्यासारखा माणूस दोन राज्यांच्या याद्यांमधल्या फटीत राहतो.

फरशी, इमारत आणि उपकर

बांधकाम कामगारांच्या पैशांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे अन्याय मोजून दाखवता येतो.

१९९६ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर लागत असे. दहा कोटींची इमारत असेल तर दहा लाख. हा पैसा राज्याच्या कल्याण मंडळाकडे जमतो आणि तो कामगारांसाठीच असतो. २४ मार्च २०२० ला केंद्रीय श्रम मंत्रालयाने राज्यांना सूचना पाठवली तेव्हा देशभरच्या मंडळांकडे मिळून सुमारे ५२,००० कोटी रुपये होते आणि नोंदणीकृत कामगार सुमारे साडेतीन कोटी.

मग राज्यांनी सुरुवातीला काय दिलं? दिल्लीने नोंदणीकृत कामगाराला ५,००० रुपये. महाराष्ट्राने २,०००. मध्य प्रदेशने १,०००. संकट एक, कायदा एक, सूचना एक, आणि रक्कम पाचपट कमी-जास्त. राज्याच्या मंडळाकडे किती जमलंय आणि किती लोक नोंदलेत यावर ते अवलंबून, असं उत्तर मिळतं. ते चूक नाही. पण ज्या राज्यात बांधकामं जास्त तिथे उपकर जास्त, आणि त्या इमारती बांधायला माणसं येतात ती उपकर कमी असलेल्या जिल्ह्यांतून. घाम गाळणारा जळगावचा किंवा झाबुआचा, उपकर जमा होतो त्या शहराच्या राज्यात.

धाकट्याला या तिन्हींतलं काहीच मिळालं नाही. आधीच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केलेलं असलं की नोंदणीचा हक्क मिळतो. त्याने तर दोनशेहून जास्त दिवस केलं होतं. पण इथल्या नोंदणीला समग्र आयडी लागते, आणि समग्र आयडीला इथला रहिवास. महाराष्ट्रात नोंदायचं तर नव्वद दिवसांचं काम तिथलं दाखवायला हवं. त्याने बसवलेल्या प्रत्येक फरशीच्या इमारतीवर उपकर भरला गेला असेल, आणि त्या पैशातला एक रुपया त्याच्या वाट्याला आला नाही. शेजारच्या जिल्ह्यात वर्षातून काही आठवडे गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्या मधल्याला हजार मिळाले. मधल्याला मिळाले याचं मला वाईट वाटत नाही, ते त्याच्या हक्काचेच होते. पण पूर्ण वेळ फरशी घालणारा सख्खा भाऊ यादीत नव्हता.

शहर देतं, शहराला कोण देतं

मनरेगाच्या मुळाशी महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांनी ती उभी केली. तिच्यासाठी पैसा लागला म्हणून १९७५ पासून व्यवसाय कर आला, आणि तो भरला प्रामुख्याने शहरातल्या नोकरदारांनी. गावावर संकट आलं, शहराने हातभार लावला. प्रादेशिक न्यायाचं इतकं स्वच्छ उदाहरण भारतात दुसरं क्वचितच सापडेल, आणि मराठी माणसाने त्याचा अभिमान बाळगावा असंच ते आहे.

पण त्या मांडणीत एक गोष्ट गृहीत होती : संकट शेतात येतं आणि शहर उभं राहतं. २०२० मध्ये उलटं झालं. शेतं चालू होती, शहर बंद होतं. मनरेगा कायद्याने ग्रामीण, त्यामुळे इंदूरच्या मजुराला शंभर दिवस सोडाच, एक दिवसही हक्काने मागता येत नव्हता. केरळमध्ये अय्यंकाली शहरी रोजगार हमी २०१० पासून होती. ओडिशा, हिमाचल आणि झारखंड यांनी २०२० मध्येच शहरांसाठी मजुरीच्या योजना काढल्या. आपल्याकडे धाकट्यासारख्याच्या हातात तशी काहीच तरतूद नव्हती.

२० जून २०२० ला गरीब कल्याण रोजगार अभियान सुरू झालं : १२५ दिवस, ५०,००० कोटी, सहा राज्यांतले ११६ जिल्हे. निकष काय, तर जिथे २५,००० पेक्षा जास्त मजूर परतले ते जिल्हे. मध्य प्रदेशचे २४ जिल्हे त्यात होते. महाराष्ट्राचा एकही नव्हता. म्हणजे धाकटा रावेरला परत गेला असता तरी त्याला तिथे हे काम मिळालं नसतं. आणि तो परत न जाता शहरातच थांबला, म्हणून इथेही नाही. ज्याने सरकारच्याच सांगण्याप्रमाणे 'आहात तिथेच थांबा' हे पाळलं, त्याच्यासाठी योजनेत जागा नव्हती.

त्या काळात धाकट्याचं घर चाललं ते तिघांच्या जिवावर. वाण्याने उधारी दिली. घरमालक हुकुमचंद मिलचे जुने कामगार. ती मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. हक्काचा पैसा अडकतो म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको. त्यांनी दोन महिन्यांचं भाडं मागितलं नाही. आणि थोरल्याने पीएम-किसानचे आलेले दोन हजार फोनवरून तसेच्या तसे धाकट्याला पाठवले. "तू भर, मग बघू." सरकारने ज्या प्रदेशात पैसा टाकला तिथून तो ज्या प्रदेशात गरज होती तिथे नेण्याचं काम एका केळीवाल्या शेतकऱ्याने केलं, स्वतःचे भाव पडलेले असताना. ज्यांच्या घरी असा थोरला नाही, त्यांच्यापैकी किती जण आग्रा-मुंबई रस्त्याने चालत निघाले ते इंदूरच्या बायपासवर राहणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कॅनडात काय झालं

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असं नाही. कॅनडातला बेरोजगारी विमा प्रदेशानुसार चालतो. तिथे त्यासाठी देशाचे साठेक विभाग पाडले आहेत. ज्या विभागात बेरोजगारी जास्त तिथे ४२० तास काम केलेलं असलं तरी भत्ता मिळतो, जिथे कमी तिथे ७०० तास लागतात. जिथे काम मिळणं अवघड तिथे अट सैल, असा विचार. शांत काळात तो पटतो. पण २००९ च्या मंदीत एरवी सुबत्ता असलेल्या विभागांत अचानक नोकऱ्या गेल्या, आणि तिथल्या लोकांसमोर अटी मात्र कडक. तेव्हा देशभर एकच ३६० तासांची अट लावा, अशी मागणी तिथल्या विरोधी पक्षाने लावून धरली होती.

२०२० मध्ये त्यांनी आधी सरसकट योजना आणली : आदल्या वर्षी किमान ५,००० डॉलर कमावलेल्या आणि काम गेलेल्या माणसाला चार आठवड्यांना २,००० डॉलर, देशात कुठेही. सप्टेंबरअखेर विम्याकडे परतताना प्रत्येक विभागाचा बेरोजगारी दर किमान १३.१ टक्के धरला आणि वर ३०० तासांची सूट दिली. म्हणजे १२० तास काम केलेलं असलं की पुरे. संकट अचानक येतं तेव्हा कालच्या सुबत्तेवरून आजची गरज मोजू नये, हे त्यांना कळलं.

इंदूरची गोष्ट तशीच आहे. मध्य प्रदेशातलं हे सगळ्यात कमावतं शहर. धाकटा घरातला सगळ्यात कमावता. कालच्या हिशेबाने दोघांनाही मदतीची गरज नव्हती, आणि म्हणून आजच्या तोट्यात दोघांच्या वाट्याला सगळ्यात कमी आलं.

सरसकट समान रक्कम हेही माझ्या मते पूर्ण उत्तर नाही. रावेरला पाचशे रुपयांत महिनाभराचं तेल, मीठ, साबण भागतं. इंदूरला ते खोलीच्या चार दिवसांच्या भाड्यात जातात. शिवाय रावेरला कोठीत धान्य आहे, परसात भाजी आहे, भाडं नाही. पायाभूत रक्कम देशभर एकच असावी आणि ती जनधनसारखी माणसामागे चालावी. तिच्यावरची वाढ मात्र जिल्ह्यात काम किती आठवडे बंद राहिलं यावर ठरावी. ते मोजायला सर्वेक्षण लागत नाही. कोणता जिल्हा किती दिवस रेड झोनमध्ये होता आणि तिथे कोणती कामं बंद होती, हे आदेश सरकारनेच काढले होते. ज्या आदेशाने माणसाचं काम बंद केलं, त्याच आदेशाला भरपाई जोडता आली असती.

दोन आक्षेप मी नेहमी ऐकते. एक, माणूस दोन्हीकडून घेईल. घेतीलही काही जण. पण आधारवर चालणाऱ्या यंत्रात दुबार उचल पकडणं सोपं आहे, उपाशी राहिलेल्याला शोधणं अवघड. दुसरा आक्षेप जास्त गंभीर : राज्यांना आपापल्या पैशाने जास्त देण्याची मुभा का नसावी? असावीच. दिल्लीने पाच हजार दिले हे चांगलंच केलं. पण केंद्राच्या कायद्याने जमा झालेल्या उपकराला राज्याच्या सरहद्दीचं कुंपण असावं का, हा प्रश्न उरतोच. माझं उत्तर नाही असं आहे.

नंतर काय बदललं

२९ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात निकाल दिला आणि 'एक देश एक रेशन कार्ड' सगळ्या राज्यांनी ३१ जुलैपर्यंत लागू करावं असं सांगितलं. जून २०२२ मध्ये आसाम जोडलं गेलं आणि देश पूर्ण झाला. आता धाकट्याने अंगठा लावला तर इंदूरच्या कंट्रोलवर रावेरचं धान्य निघतं, आणि थोरल्याच्या वाट्याला हातही लागत नाही. हे खरंच चांगलं झालं. मुलीचं नावही कार्डावर चढलं. ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या केंद्र सरकारच्या नोंदणीत, त्याने स्वतःच नाव घातलं. तिथे आत्ताचा पत्ता आणि मूळ पत्ता दोन्ही लिहिता येतात, आणि सरकारकडच्या याद्यांत मला हीच सगळ्यात समंजस वाटते.

धान्याचं भोक बुजलं, रोख पैशाचं नाही. बांधकाम मंडळात तो अजूनही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत आंतरराज्य स्थलांतरित मजुरासाठी दोन गोष्टी लिहिल्या आहेत : रेशन मूळ राज्यात घ्यायचं की कामाच्या राज्यात हे त्याने ठरवावं, आणि बांधकाम उपकराचा लाभ त्याला काम करतो त्या राज्यात मिळावा. पहिली प्रत्यक्षात आली आहे. दुसरीसाठी सरकारने योजना करायची आहे. त्या योजनेच्या अर्जात मध्य प्रदेशने समग्र आयडी मागितली, तर धाकटा पुन्हा बाहेर राहील. ई-श्रमचा क्रमांक आणि ठेकेदाराचा नव्वद दिवसांचा दाखला एवढ्यावर नाव घेतलं, तर तो आत येईल.